पन्नास सह्या आणि एक नांव

पुणें शहराच्या दक्षिणेस पर्वतीची टेकडी आहे, आणि तिच्याहि पलीकडे, एके काळीं शेतामळ्यांची व आतां सोसायट्यांची झालेली आमची बिबवेवाडी आहे. पर्वतीच्या पायऱ्या रोज सकाळीं चढणाऱ्या शेंकडों माणसांना नानासाहेब पेशव्यांनीं बांधलेलें देवदेवेश्वराचें देऊळ ठाऊक असतें; परंतु महाराष्ट्रांतील आधुनिक लोकमताचें राजकारण एका परीनें ह्याच देवस्थानाच्या कारभाराच्या तंट्यांतून निघालें, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. १८६० नंतरच्या दशकांत पर्वती संस्थानच्या पंचांच्या कारभाराविषयीं शहरांत कुरकुर सुरू झाली. तक्रार सरकारदरबारीं न्यावयाची तर ती कोणीं न्यावयाची, हा पहिला पेंच होता. चार प्रतिष्ठित गृहस्थ अर्ज घेऊन गेले, तर तुम्ही कोण आणि कोणाच्या वतीनें बोलतां, असा सवाल येणारच. ह्या सवालाला उत्तर देण्याच्या खटपटींतून २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभा उभी राहिली.

सभेनें दिलेलें उत्तर मोठें नामी होतें. तिचे प्रमुख कार्यकर्ते गणेश वासुदेव जोशी हे वकील. वकिलाला पक्षकाराच्या वकीलपत्रावांचून कोर्टांत तोंड उघडतां येत नाहीं; तोच न्याय सभेनें राजकारणास लावला. ज्या कोणास सभेचा सभासद व्हावयाचें असेल त्यानें निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें, असा नियम झाला. आरंभींच्या ९५ सभासदांनीं मिळून सुमारें ६००० लोकांच्या सह्यांचीं मुखत्यारपत्रें आणलीं होतीं. औंधचे अधिपति श्रीमंत पंतप्रतिनिधि हे सभेचे पहिले अध्यक्ष. त्या वेळीं पुण्याची वस्ती लाखाच्या आसपास असेल-नसेल, आणि मुंबईच्या कायदे कौन्सिलांत लोकांनीं निवडलेला एकहि सभासद नव्हता. मतपेटी नाहीं, मतदारयादी नाहीं, निवडणुकीचा कायदा नाहीं. अशा काळीं ह्या मंडळींनीं प्रतिनिधित्वाची एक स्वतंत्र रीत आपल्याच डोक्यानें बसविली. अमक्याला बोलावयाचें आहे काय? मग त्यानें आधीं पन्नास माणसांचे उंबरठे झिजवावे.

ही रीत कागदावरच राहिली असें नाहीं. दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या सांपत्तिक स्थितीची चौकशी सभेनें केली, जमीनमहसुलाविषयीं सरकारकडे अर्ज धाडले आणि १८७६ ते १८७८ च्या घोर दुष्काळांत जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून ती सरकारपुढें मांडली. न्यायमूर्ति रानडे ह्यांची बुद्धि ह्या सर्व कामाच्या मागें होती, पण ते सरकारी नोकर असल्यामुळें त्यांचें नांव पुढें येत नसे. सीताराम हरि चिपळूणकरांसारखा चिटणीस वर्षानुवर्षें दप्तर सांभाळीत बसे. जोश्यांनीं स्वदेशीचें व्रत घेतलें होतें. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते सभेचे प्रतिनिधि म्हणून खादीच्या पोषाखांत गेले. लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणूं लागले. ह्या नांवाकडे आपण लक्ष द्यावें. सभेला काकांचें नांव मिळालें नाहीं, काकांना सभेचें नांव मिळालें. (जातां जातां एक खुलासा करतों. विद्यार्थी हटकून घोटाळा करतात तो येथेंच. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी. गोखल्यांना अर्थशास्त्राच्या आंकड्यांत साह्य करणारे गणेश व्यंकटेश जोशी ते निराळे. ते सोलापूरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर होते, म्हणजे आमच्या धंद्यांतले.)

आतां ह्या रीतीचा कमकुवतपणाहि सांगितला पाहिजे, नाहीं तर मी जुन्याचा भाट ठरेन. सही करणारा तो कोण? ज्याला सही करतां येते तो, किंवा ज्याच्या दारीं सही मागावयास सभासद जातो तो. सरदार, इनामदार, सावकार, वकील, पेन्शनर ह्यांच्या गोतावळ्यांतून हीं पत्रें फिरत. जोतीराव फुल्यांनीं सार्वजनिक सभेवर, आणि पुढें काँग्रेसवरहि, हाच आक्षेप घेतला, कीं ज्यांच्या नांवानें तुम्ही बोलतां ते शूद्रातिशूद्र शेतकरी तुमच्या सभेंत आहेत कोठें? ह्या आक्षेपाचें उत्तर सभेजवळ नव्हतें. पन्नास सह्यांचें बंधन उत्तम होतें, पण त्या पन्नासांचें वर्तुळ लहान होतें. आणि वर्तुळाबाहेरच्या माणसाशीं थेट बोलणारा कोणी निघाला, तर सभेची सारी मुखत्यारी त्याच्यापुढें फिकी पडणार हें उघड होतें.

तसा माणूस निघाला. १८९५ च्या जुलै महिन्यांत सार्वजनिक सभेची वार्षिक निवडणूक झाली. बाळ गंगाधर टिळकांच्या पक्षानें बहुमत मिळवून व्यवस्थापक मंडळ आपल्या हातीं घेतलें. रानडे आणि त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं पंचवीस वर्षें वाढविलेली संस्था एका दिवसांत दुसऱ्याची झाली. निवडणूक नियमाप्रमाणेंच झाली होती. तक्रारीस जागा नव्हती. गोखले कांहीं काळ चिटणीस राहिले व मग बाजूस झाले, आणि १८९६ सालीं रानड्यांच्या मंडळीनें ‘डेक्कन सभा’ नांवाची निराळी संस्था काढली. एका गांवांत दोन सभा झाल्या. त्याच साली दुष्काळ पडला. टिळकांच्या हातांतील सार्वजनिक सभेनें फॅमिन कोड म्हणजे दुष्काळाचा सरकारी कायदा काय आहे, पीक बुडालें असतां साऱ्याची सूट मागण्याचा तुमचा हक्क कोणता, हें गांवोगांवीं माणसें धाडून रयतेस समजाविलें. सरकारास तें रुचलें नाहीं. १८९७ सालीं मुंबई सरकारनें, ह्यापुढें सार्वजनिक सभेचे अर्ज घेतले जाणार नाहींत, असें ठरवून तिची मान्यता काढून घेतली. सभा नांवाला उरली. टिळकांचें मात्र कांहींच अडलें नाहीं. त्यांच्याजवळ केसरी होता, गणपतीचा उत्सव होता, शिवजयंति होती. सभेचा दरवाजा बंद झाला तरी त्यांचा आवाज बंद होणार नव्हता, कारण तो त्या दरवाजांतून येतच नव्हता.

येथें टिळकांस दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण तें इतिहासास धरून होणार नाहीं. १९०८ सालीं टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें. ह्या मजुरांच्या सह्या कोणत्याहि सभेनें कधीं मागितल्या नव्हत्या. ते राजकारणांत आले ते एका माणसाच्या नांवानें आले. ‘लोकमान्य’ ही पदवीहि कोणत्या कमिटीनें ठराव करून दिलेली नाहीं. सार्वजनिक काकांना संस्थेनें नांव दिलें. टिळकांना तें संस्थेवांचून लोकांनीं दिलें. अवघ्या एका पिढीच्या अवधींत पुणें शहरानें राजकारणाच्या दोन्ही तऱ्हा पाहिल्या: एक मुखत्यारपत्राची, दुसरी मान्यतेची. पहिलींत पुढाऱ्याला लोकांपाशीं जावें लागतें आणि लोक थोडे असतात. दुसरींत लोक पुढाऱ्यापाशीं येतात आणि अगणित असतात. मात्र पहिलींतील पत्र परत घेतां येतें. मान्यता परत कशी घ्यावी, त्याची रीत कोठेंच लिहिलेली नसते.

ही गोष्ट एकट्या पुण्याची नव्हती. विलायतेंत १८७९ सालीं सत्तरीला टेकलेले ग्लॅडस्टनसाहेब स्कॉटलंडांत मिडलोथियन भागांत आगगाडीनें हिंडून हजारोंच्या सभांपुढें बोलले, आणि वर्तमानपत्रांनीं तीं भाषणें अथपासून इतिपर्यंत छापलीं. पार्लमेंटांत बसून मत वळविणाऱ्यांचें युग मागें पडून मैदानांत मत उठविणाऱ्यांचें सुरू झालें तें तेव्हांपासून. जर्मन पंडित मॅक्स वेबर ह्यांनीं १९१९ सालच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत ह्याच ग्लॅडस्टनचा दाखला घेऊन सांगितलें, कीं मताधिकार वाढला म्हणजे पक्षाचें यंत्र लागतें, आणि यंत्र बनलें म्हणजे तें चालविणाऱ्या एका माणसाच्या मागें जातें. वेबर बोलत होते म्यूनिकमध्यें. पण त्यांच्या वर्णनांतला बराचसा भाग गायकवाड वाड्यास लागू पडला असता.

टिळकांच्याच चरित्रांतला एक उलट दाखलाहि ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत टिळक होते. आजीव सभासदांनीं बाहेरची मिळकत करावी कीं करूं नये, ह्या तत्त्वावरून तेथें वाद माजला, आणि १८९० सालीं टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. संस्था त्यांच्यावांचून चालली, वाढली आणि आजहि उभी आहे. तेथें नियम माणसापेक्षां वरचढ ठरला. सार्वजनिक सभेंत पांचच वर्षांनीं नेमकें उलट झालें. मला वाटतें, फरक इतकाच होता कीं सोसायटीला रोज सकाळीं मुलांचे वर्ग घ्यावयाचे होते. ज्या संस्थेला रोजचें काम असतें ती एका माणसाच्या जाण्यानें मोडत नाहीं. जिला केवळ मत मांडावयाचें असतें तिला एका मोठ्या आवाजापुढें उरण्यासारखें फार थोडें असतें. १ ऑगस्ट १९२० रोजीं टिळक वारले, आणि त्यांचे अनुयायी पाहतां पाहतां पांगले. कोणी गांधींकडे गेले, कोणी केळकरांबरोबर प्रतियोगी सहकारितेच्या वाटेस लागले, आणि प्रत्येक जण ‘टिळक असते तर’ असें म्हणून आपलेंच मत सांगूं लागला.

गांधीजींच्या काळांत तर हा प्रकार कळसास पोंचला. गांधीजी १९३४ सालीं काँग्रेसच्या सभासदत्वांतून बाहेर पडले; चार आण्यांचे साधे सभासदहि ते उरले नाहींत. तरी १९३९ च्या जानेवारींत त्यांच्या इच्छेविरुद्ध सुभाषबाबू रीतसर निवडून आले असतां एप्रिल अखेर त्यांना राजीनामा द्यावा लागला. जो माणूस सभासद नाहीं त्याची इच्छा मोठी, आणि निवडून आलेल्याची सनद लहान. गांधीजींचा मोठेपणा मान्य करूनहि हें विलक्षण होतें, ह्यांत शंका नाहीं. जवाहरलालजींना स्वतःविषयींहि ही भीति वाटत होती. १९३७ सालीं त्यांनीं ‘चाणक्य’ ह्या टोपणनांवानें मॉडर्न रिव्ह्यूंत लेख लिहून आपल्याच हातून हुकूमशाही घडण्याचा संभव बोलून दाखविला. नांव खोटें असलें तरी भीति खरी होती.

ह्या सगळ्याचा निवाडा करणारें भाषण झालें तेंहि पुण्यांतच, आणि तेंहि त्या मागें पडलेल्या डेक्कन सभेच्या विद्यमानें. न्यायमूर्ति रानडे ह्यांच्या १०१ व्या जयंतीच्या निमित्तानें १९४३ सालीं सभेनें डॉक्टर आंबेडकरांना गोखले हॉलमध्यें व्याख्यानास बोलाविलें. आंबेडकरांनीं रानड्यांची तुलना केली ती गांधी आणि जिना ह्या दोन तत्कालीन महानेत्यांशीं. विभूतीविषयीं आदर बाळगणें ही एक गोष्ट आणि विभूतीची आज्ञा पाळणें ही अगदीं निराळी गोष्ट, असा भेद त्यांनीं केला. पहिल्यानें माणूस लहान होत नाहीं, दुसऱ्यानें त्याची बुद्धि गहाण पडते. वर्तमानपत्रें पुढाऱ्यांच्या देव्हाऱ्याचे पुजारी बनलीं आहेत, हेंहि त्यांनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें. रानड्यांच्या भोंवतीं टाळ्या वाजविणारा समुदाय नव्हता, आणि त्यांच्या मतें तोच त्यांचा मोठेपणा. हें बोलणारा माणूस १९३२ सालीं येरवड्याच्या उपोषणाच्या दडपणाखालीं पुणें करारावर सही करून बसला होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या शब्दांचें वजन कळतें. एका माणसाच्या प्राणाच्या पारड्यांत कोट्यवधि माणसांचे हक्क घालून तोलले जातात, तेव्हां काय होतें हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

पुढें २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना परिषदेच्या शेवटच्या मोठ्या भाषणांत त्यांनीं हाच इशारा साऱ्या देशाला दिला. धर्मांत भक्ति मोक्षाला नेत असेल, राजकारणांत ती अधोगतीला आणि शेवटीं हुकूमशाहीला नेते, असा त्याचा आशय होता. इशारा देणाऱ्याच्याच वांट्यास उपरोध यावा, ही मात्र इतिहासाची खोड आहे. त्यांच्या निधनानंतर १९५७ सालीं त्यांच्या संकल्पाप्रमाणें रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. पण त्याचे तुकडे होत गेले आणि प्रत्येक तुकडा कंसांत एकेका पुढाऱ्याचें नांव घेऊन ओळखला जाऊं लागला. हा कंस आपण ध्यानांत ठेवावा. पुढें तो पुन्हां भेटणार आहे.

मध्यंतरीं महाराष्ट्रांत एक अपवादाचा कालखंड होऊन गेला, तो थोडक्यांत सांगतों. ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यांत संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली. केशवराव जेधे, एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, नानासाहेब गोरे हीं एका स्वभावाचीं माणसें नव्हतीं आणि एका मताचीं तर मुळींच नव्हतीं. तरी १९५७ च्या निवडणुकींत पश्चिम महाराष्ट्रांत समितीनें काँग्रेसची धूळधाण केली. हा विजय कोणा एकाचा म्हणून सांगतां येत नाहीं. दुसऱ्या बाजूस यशवंतराव चव्हाण ह्यांनीं, नवें राज्य झाल्यावर, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा करून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या उभ्या केल्या, आणि १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला. साखर कारखाने, जिल्हा बँका, परिषदा ह्यांतून प्रत्येक जिल्ह्यांत चार-सहा माणसें अशीं तयार झालीं, कीं ज्यांना विचारल्यावांचून मुंबईच्या मुख्य मंत्र्याला पुढें जातां येत नसे. हीं माणसें साधु होतीं असें माझें म्हणणें नाहीं. पण सत्ता पुष्कळ हातांत होती, आणि त्या हातांखालीं पतपेढीची, उंसाची, शाळेची, रस्त्याची रोजची कामें होतीं.

हा घाट मोडला तो १९६९ नंतर. काँग्रेस फुटली, १९७१ सालीं इंदिराबाईंनीं लोकसभेची निवडणूक वर्षभर आधीं, राज्यांच्या निवडणुकींपासून तोडून घेतली आणि ३५२ जागा जिंकल्या. एरव्हीं जिल्ह्याच्या माणसानें मतें आणावयाचीं आणि दिल्लीनें त्यांची बेरीज करावयाची, असा क्रम होता. आतां मतें दिल्लीच्या नांवावर आलीं, आणि मग जिल्ह्याच्या माणसाची गरज ती काय राहिली? ह्याचा परिणाम महाराष्ट्राच्या मुख्य मंत्र्यांच्या यादींत स्पष्ट दिसतो. वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत अकरा वर्षांहून अधिक काळ त्या खुर्चीवर होते. १९८० च्या जूनपासून १९८८ च्या जूनपर्यंतच्या आठ वर्षांत अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर आणि शंकरराव चव्हाण असे पांच मुख्य मंत्री झाले. भोसल्यांची निवड तर आमदारांनीं केली असें म्हणणें ही केवळ शिष्टाचाराची भाषा झाली. नांव दिल्लीहून आलें होतें. काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ ह्यांनीं देश आणि इंदिराबाई हे समानार्थी शब्द ठरविले, त्याची लोकांनीं थट्टा केली. पण १९७८ सालीं पक्ष पुन्हां फुटला तेव्हां त्याच्या नांवापुढें कंसांत ‘इं’ हें अक्षर बसलें आणि त्याची थट्टा कोणी केली नाहीं.

ह्यानंतर एक कायदा आला. त्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांनीं द्यावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं, म्हणून मी तेथें थोडा थांबतों. १९८५ सालीं घटनेला ५२ वी दुरुस्ती होऊन दहावें परिशिष्ट जोडण्यांत आलें. आमदार-खासदारांनीं पैशासाठीं अथवा पदासाठीं पक्ष बदलूं नये, हा हेतु. आणि हेतु चांगला होता. परंतु कायद्याची रचना अशी झाली, कीं पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्याची जागाच जावी. तेव्हांपासून आमदाराला दोन धनी झाले: पांच वर्षांनीं एकदां विचारणारा मतदार, आणि रोज विचारणारा पक्षप्रमुख. कोणाची भीति अधिक, हें सांगण्यास ज्योतिषी नको. ह्या पक्षप्रमुखाची निवड कशी व्हावी, पक्षाच्या आंत निवडणुका व्हाव्या कीं नाहीं, ह्याविषयीं त्या परिशिष्टांत एक अक्षरहि नाहीं. पक्षाला कायद्यानें आमदारावर अधिकार दिला, पण सभासदाला पक्षावर दिला नाहीं. जोशी वकिलांनीं बसविलेली व्यवस्था येथें अगदीं पालथी झाली. त्या वेळीं मुखत्याराला पन्नासांचें भय होतें. आतां ज्याची मुखत्यारी आहे तो पन्नास हजारांनीं निवडलेला असूनहि भय बाळगतो तें एकाचें.

शिवसेनेची गोष्ट ह्या दृष्टीनें पाहावी. १९ जून १९६६ रोजीं ती स्थापन झाली तीच मुळीं एका माणसाभोंवतीं, आणि बाळासाहेब ठाकऱ्यांनीं ही गोष्ट कधीं लपविलीहि नाहीं. अंतर्गत निवडणूक हा प्रकार त्यांना पसंत नव्हता. १९९५ सालीं युतीचें सरकार आलें तेव्हां मुख्य मंत्री मनोहर जोशी झाले, पण दूरनियंत्रण आपल्या हातीं आहे हें बाळासाहेबांनीं उघड सांगितलें. असें प्रांजळपणें सांगणारा पुढारी एका अर्थानें बरा; इतर पक्षांत तेंच चालतें, पण सभेचें इतिवृत्त लिहून चालतें. राष्ट्रवादी काँग्रेस १९९९ सालीं निघाली, तिला घटना होती, समित्या होत्या, ठराव होते. तरी पक्ष म्हणजे कोण, ह्या प्रश्नाला महाराष्ट्रांतलें लहान मूलहि एकच नांव सांगत असे. भारतीय जनता पक्षाला तर आपल्या शिस्तीचा आणि सामुदायिक नेतृत्वाचा मोठा अभिमान. त्या पक्षाच्या २०२४ च्या जाहीरनाम्याचें मथळ्यांतलें नांव ‘मोदी की गॅरंटी’ असें होतें. पक्षाची हमी नव्हे, माणसाची.

आणि मग २०२२ सालीं तो कंस पुन्हां भेटला. शिवसेना फुटली. निवडणूक आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें तात्पुरतीं नांवें दिलीं तीं अशीं: एका गटास ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’, दुसऱ्यास ‘बाळासाहेबांची शिवसेना’. भांडण दोघांत, पण दोन्ही नांवांत बाळासाहेब. १७ फेब्रुवारी २०२३ रोजीं आयोगानें मूळ नांव व धनुष्यबाण शिंदे गटास दिलें. हा निर्णय देतांना आयोगापुढें अडचण अशी, कीं खरा पक्ष कोणता हें ठरविण्यास सभासदांचें मत पाहावें तर पक्षांतर्गत निवडणुका विश्वास ठेवण्याजोग्या झालेल्याच नव्हत्या. आयोगानें पक्षाच्या घटनेंतील ह्या लोकशाहीच्या अभावावर बोट ठेवलें, आणि शेवटीं निवडून आलेल्या आमदार-खासदारांचीं डोकीं मोजलीं. ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं राष्ट्रवादीच्या बाबतींतहि निकाल विधिमंडळांतील संख्येवरच लागला, आणि दुसऱ्या गटास मिळालेल्या नांवांत शरदचंद्र पवार हीं अक्षरें आलीं. ह्या दोन्ही तंट्यांत कोणाची बाजू न्यायाची, हें सांगण्याचा माझा हेतु नाहीं. त्यासाठीं कोर्टें आहेत आणि घरोघरीं वाद घालणारीं माणसें आहेत. मला आश्चर्य वाटतें तें दुसऱ्याच गोष्टीचें. लक्षावधि सभासद असलेले दोन पक्ष दुभंगले, वर्ष-दीड वर्ष सुनावण्या चालल्या, आणि त्या सगळ्यांत साध्या सभासदाला तूं कोणाला मुखत्यारपत्र दिलें होतेंस, असें विचारण्याची एकहि वाट सांपडली नाहीं.

ह्याला यंत्रांनीं हातभार लावला हें खरेंच. ज्या यंत्रापुढें बसून मी हें बोलत आहें त्याच्याच द्वारां १९३३ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट प्रत्येक घराच्या दिवाणखान्यांत जाऊन बसले. मग दूरदर्शन आलें, त्यानें आवाजाला चेहरा दिला. मोबाईलनें तो चेहरा खिशांत आणून ठेवला. चेहऱ्याची ओळख करून देणें सोपें असतें, समितीची अवघड. शाळेंतील इतिहासाचें पुस्तक उघडलें तरी तसबिरींची रांग दिसते. सीताराम हरि चिपळूणकरांची तसबीर कोणी छापीत नाहीं. तरी सगळा दोष यंत्रांवर घालणें मला पटत नाहीं. टिळकांजवळ रेडिओ नव्हता. माणसाच्या मागें जाण्याची वाट लोक धरतात ती पुष्कळदां दुसरी वाट बंद आहे म्हणून, आणि बंद वाटेविषयीं ते तक्रार करीत नाहींत ती वापरण्याची संवय सुटली म्हणून.

ह्याचा पुरावा मागावयास दूर जावें लागत नाहीं. २०१७ सालीं पुणें महानगरपालिकेवर १६२ नगरसेवक निवडून आले. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें शहराची वस्ती ३१ लाखांवर. म्हणजे एका नगरसेवकामागें सुमारें १९ हजार माणसें, आणि चार नगरसेवकांचा एक प्रभाग धरला तर पाऊण लाखांहून अधिक. १८७० सालीं सहा हजारांमागें ९५ मुखत्यार होते, म्हणजे एकामागें त्रेसष्टच्या आसपास. हा हिशेब मोठ्या शहराला लागू करतां येत नाहीं, हें मलाहि कळतें. पण पुढचें ऐका. मार्च २०२२ मध्यें ह्या नगरसेवकांची मुदत संपली, आणि निवडणूक न झाल्यामुळें त्यानंतर सलग तीन वर्षांहून अधिक काळ पालिकेचा कारभार सरकारी प्रशासकाच्या हातीं राहिला. तेवढ्या अवधींत बिबवेवाडींतल्या ड्रेनेजविषयीं, पाण्याच्या वेळेविषयीं, पदपथाविषयीं, घरपट्टीविषयीं सभागृहांत उभें राहून विचारणारा एकहि निवडलेला माणूस नव्हता. त्याच अवधींत, २०२४ सालीं, लोकसभेच्या आणि विधानसभेच्या दोन निवडणुका झाल्या. आमच्या चौकांत माणसाहून मोठाले चेहरे लागले, कोणाचा पक्ष खरा आणि कोणाचा खोटा ह्यावर कट्ट्याकट्ट्यांवर रात्री अकरापर्यंत वाद रंगले, आणि पालिकेचें सभागृह कुलूपबंद आहे, ही गोष्ट त्या वादांत क्वचितच कोणी काढली.